साथ कुणी आणली

करीच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवायला बसलेले ड्रायव्हरबाबा अचानक उठून उभे राहिले. एक हात त्यांनी टेबलावर टेकवला, दुसरा पोटावर धरला, आणि कुणी काही विचारायच्या आत त्यांना भडभडून उलटी झाली. टेबलावर, शेजारच्याच्या ताटात, फरशीवर, सगळीकडं.

ते एस.टी.त ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी खाकी शर्ट सोडला नव्हता. तोंड पुसत, ओशाळून म्हणाले, "सिस्टर, जल्मभर घाटात लोकांना गाडी लागायची. आज मला लागली बगा."

सगळे हसले. मीही हसले आणि बादली आणायला पळाले.

ओतूर आणि डिंगोरे यांच्या मधे, रस्त्यापासून जरा आत, हा वृद्धाश्रम होता. डाव्या बाजूला पुरुषांच्या चार खोल्या, उजव्या बाजूला बायकांच्या तीन, मधे जेवणाचा हॉल. सगळी मिळून पंचवीस-सव्वीस माणसं. शिकलेली नर्स मी एकटीच. डिंगोऱ्याहून सकाळी वडापच्या जीपनं यायचे आणि दिवेलागणीला परत जायचे. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आश्रमात एक फोन होता, तोही पाऊस पडला की बंद.

स्वच्छतेचा मला फार अभिमान होता. कुठं काही सांडलं, कुणाची चादर ओली झाली, की दुसऱ्या कुणाची वाट न बघता मी स्वतः पोतेरं हातात घ्यायचे. त्या दिवशीही तसंच केलं. बादलीत फिनेल ओतलं, हॉल पुसला. मग बाबांना त्यांच्या खोलीत झोपवलं, वाटेत त्यांना पुन्हा उलटी झाली म्हणून व्हरांडा पुसला. पोतेरं हातात होतंच, म्हणून शेजारच्या दोन खोल्याही पुसून काढल्या. त्याच बादलीत, त्याच पाण्यात पिळून. फिनेलचा वास सगळीकडं दरवळला आणि मला वाटलं, झालं, निस्तरलं.

संध्याकाळपर्यंत बाबांच्या खोलीतले आणखी दोघं आडवे झाले. तिसरा होता तो त्यांच्यासमोर जेवायला बसलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून उतरले तर व्यवस्थापक फाटकातच उभे. म्हणाले, "सिस्टर, आठ झाले."

व्यवस्थापक निवृत्त शिक्षक होते. सरळ माणूस, पण आश्रमाच्या नावाला जपणारा. संस्थेचे विश्वस्त पुण्याला असायचे आणि त्यांच्या कानावर काही वाईट जाऊ नये, ही त्यांची कायमची धास्ती.

उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. कुणाला थोडा ताप, कुणाच्या पायांत गोळे. संडास दोनच, रांग लागलेली. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसती पळत होते. याचं तोंड पूस, त्याला साखर-मिठाचं पाणी पाज, तिसऱ्याचं धोतर बदल. मधे नळावर हात खळखळून घ्यायचे. साबण लावला तर लावला, नाहीतर पदराला पुसले आणि पुढं. आजाऱ्यांसाठी जागा अपुरी पडायला लागली तेव्हा मला एक युक्ती सुचली. पुरुषांच्या बाजूला जे चौघं अजून ठणठणीत होते त्यांना मी तिथून हलवलं, आणि बायकांच्या बाजूची मधली खोली रिकामी करून तिथं त्यांच्या गाद्या टाकल्या. चांगल्यांना आजाऱ्यांपासून लांब ठेवलं, असं मला वाटत होतं. त्या चौघांपैकी दोघांना दुसऱ्या दिवशी पहाटे उलट्या सुरू झाल्या. म्हणजे बायकांच्या बाजूला साथ मीच पोचवली, गाद्यांसकट.

माझ्याबरोबर धावत होती मढ गावची मावशी. दवाखान्यात काय आणि आश्रमात काय, साफसफाई करणारीला मावशीच म्हणतात. ही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होती. तिच्या सासरची मंडळी पूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. आता थोडी शेती होती, दीर तेवढा शे-दीडशे मेंढरं राखून होता. घरी दोन गाई होत्या, त्यांचं दूध ती रोज किटलीतून आश्रमाला आणायची. बोलायला फटकळ, पण म्हाताऱ्यांची घाण काढताना तिच्या कपाळाला आठी पडलेली मी कधी पाहिली नाही.

"बाई," त्या सकाळी ती मला म्हणाली, "ह्ये काय साधं दिसत न्हाई. आमच्या मेंढरांत असंच लागतं एकीचं दुसरीला. मंग आमी आजारी मेंढरू येगळं बांदतो आन् राखणारा बी येगळा ठिवतो. हितं तुमी-आमी दोगीच समद्यांच्यात फिरतोय."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. राखणारा वेगळा ठेवायला माणसं कुठं होती?

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. ओतूरला त्यांचा दवाखाना होता. आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवर यायचे, पण व्यवस्थापकांनी माणूस धाडल्यावर लगेच निघाले. त्यांनी चौघांना सलाईन लावलं. मग आम्हा सगळ्यांना कार्यालयात बोलावलं: मी, मावशी, स्वयंपाकीणबाई, माळी, व्यवस्थापक. पाण्याचे नमुने आरोग्य खात्याची माणसं सकाळीच घेऊन गेली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "संक्रांतीच्या आधी दोन-चार दिवसांत तुमच्यापैकी कुणाला उलट्या, जुलाब झाले होते का? घरात कुणाला? नीट आठवून सांगा."

मला आठवायची गरजच नव्हती. भोगीच्या आदल्या दिवशी माझी मुलगी शाळेतून आली ती ओकतच. तिच्या वर्गातली निम्मी पोरं तशीच घरी गेली होती. मी तिचं सगळं केलं आणि दुसऱ्या दिवशी, भोगीच्या सकाळी, मलाही तेच. चार उलट्या, सहा-सात वेळा परसाकडं. दुपारनंतर एकदम हलकं वाटलं. अंगात ताकद नव्हती, पण पोट शांत झालं. संध्याकाळी मी आश्रमात गेले, कारण तिळगुळाचे लाडू करायचं मी कबूल केलं होतं. स्वयंपाकीणबाईला चटके सोसत नाहीत. लाडू दरवर्षी मीच वळायचे. पाक गरम असताना तळहाताला पाणी लावून भराभर वळायचे असतात. शंभरावर लाडू मी या हातांनी वळले आणि दुसऱ्या दिवशी या हातांनीच प्रत्येकाच्या हातावर ठेवले. गोड बोला म्हटलं, पाया पडले. कुणी कुणी आपल्यातला अर्धा मोडून मला परत दिला.

हे सगळं माझ्या जिभेवर आलं. कार्यालयात पाच माणसं माझ्याकडं बघत होती असं मला वाटलं, प्रत्यक्षात कुणीच बघत नव्हतं. मी म्हणाले, "नाही डॉक्टर."

मावशी म्हणाली, "माज्याकडं न्हाई कुणाला."

तेवढ्यात व्यवस्थापक म्हणाले, "डॉक्टर, दूध बाहेरून येतं. हिच्या घरून. किटली कशी धुतात, गोठ्यात काय असतं, आपण बघायला जात नाही."

"दूध मी उकळते," स्वयंपाकीणबाई पुटपुटली.

दूध उकळताना मी रोज तिथं असायचे. दोनदा उतू जाईपर्यंत उकळायचं. मी हे मोठ्यानं सांगू शकले असते. डॉक्टरांनी दुधाचं फार मनावर घेतलं नाही; ते सलाईनच्या बाटल्या मोजत होते. पण व्यवस्थापकांना पुण्याला सांगायला काहीतरी हवं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी मावशीला फाटकाशी थांबवलं आणि सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. दूधही नको. साथ आवरू द्या, मग बघू."

मी दहा पावलांवर उभी होते. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी सलाईनच्या सुया बघायच्या आहेत अशा घाईनं आत वळले.

त्यानंतरच्या दिवसांत मला क्षणभर स्वस्थ बसता आलं नाही. घरी मुलीच्या ताटाला हात लावायच्या आधी साबणानं धुवायचे, पुन्हा धुवायचे, थंडीनं आधीच फुटलेले हात भेगाळून रक्त यायला लागलं. जीपमध्ये बसले की मनात खोल्या फिरायला लागायच्या. मी आधी कुणाकडं गेले, नंतर कुणाकडं, कुणाचा तांब्या कुणाला दिला. आणि दर वेळी सगळ्या वाटा माझ्याशीच येऊन थांबायच्या. डॉक्टरांना सांगू या, असं रोज सकाळी ठरवायचं आणि ते आले की त्यांच्या पिशवीतलं सामान लावत बसायचं.

मावशी गेल्यावर तिचंही काम माझ्यावर आलं. आणि दुसऱ्याच दिवशी मढकडून आलेल्या जीपवाल्यानं निरोप सांगितला, मावशी पडलीय, उलट्या-जुलाब. व्यवस्थापक मान हलवत म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

मला कळत होतं की हे उलटं आहे. सगळे पडल्यावर ती पडली. तिला आमच्याकडून लागलं होतं. पण ते बोलायचं तर आधीचंही बोलावं लागलं असतं.

बायकांच्या बाजूला आक्का होत्या. आंबेगावकडच्या, धरणाच्या पाण्याखाली ज्यांची घरं गेली त्यांतल्या. नवरा गेलेला, मूल नाही, भाच्यानं आणून सोडलं होतं. बाई आधीच काटकुळी. मी जवळ गेले की माझे दोन्ही हात धरून आपल्या गालांवर दाबायच्या. म्हणायच्या, "तुजं हात लई गार गं." संक्रांतीलाही तसंच केलं होतं.

आक्कांना चौथ्या दिवशी लागलं. पाणी पाजायला गेले की ओठ मिटून घ्यायच्या. "प्यालं की येतं भाईर. मंग कशापाई पिऊ?"

"एकच चमचा, आक्का."

"तू लई हट्टी हाईस."

चमच्या-चमच्यानं मी पाजत राहिले. शिरा इतक्या बारीक, की सलाईन लागेना; डॉक्टरांनी तीनदा टोचलं तेव्हा कुठं लागलं, तेही हात सुजून बंद पडलं. लघवी थांबली तशी त्यांना जीपमध्ये घालून नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या मला कुणीतरी दुसरीच समजत होत्या, कुठल्या तरी बहिणीच्या नावानं हाक मारत होत्या आणि वाळत घातलेल्या शेणी भिजतील, आत घे, असं सांगत होत्या. मी "घेते, घेते" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

भाचा आला. रडला नाही, रागावलाही नाही. मला म्हणाला, "तुमी लई केलं तिचं, सिस्टर." त्यापेक्षा त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी नारायणगावहून येताना मी ओतूरला उतरले आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. पेशंट होते. मी बाकावर बसले, उठले, दारापर्यंत गेले, परत आले. शेवटी त्यांनीच आत बोलावलं. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. मुलीची शाळा, भोगीची सकाळ, लाडू, पोतेरं, गाद्या. एकदा सुरू झाल्यावर मला थांबताच येईना.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग टेबलावरचा एक कागद माझ्याकडं वळवला. त्यावर त्यांनी आश्रमाच्या खोल्या काढल्या होत्या, आणि प्रत्येक खाटेपुढं दिवस लिहिला होता.

"मी कालपासून हेच बघतोय," ते म्हणाले. "पाण्याचा अहवाल आला, पाणी चांगलं आहे. आणि पाणी खराब असतं तर सगळे एकदम पडले असते. इथं खोलीमागून खोली पडलीय. हे माणसाच्या हातानं फिरलंय, आणि ओकारीच्या शिंतोड्यांनी. हॉलमध्ये जे ड्रायव्हरबाबांच्या जवळ बसले होते ते आधी पडले, लांबचे नंतर. हा विषाणू आहे. थंडीतला. त्याचं नाव पुण्याच्या एखाद्या मोठ्या लॅबला सांगता येईल, आपल्याला नाही."

"तो मीच आणला ना?"

"असेल. नसेलही. संक्रांतीला गावातल्या बायका आश्रमात हळदीकुंकवाला येऊन गेल्या, ड्रायव्हरबाबांचा नातू येऊन गेला. ते आता कुणीच ठरवू शकत नाही." ते थांबले. मला वाटलं, सुटले. मग ते म्हणाले, "पण सिस्टर, मी विचारलं तेव्हा तुम्ही बोलला असता तर तीन दिवस आधी मी हातांकडं बघितलं असतं. मी पाण्याच्या मागं लागलो. ते तीन दिवस गेले."

आवाज चढवला नाही त्यांनी. मी रडले, ते पाण्याचा ग्लास पुढं सरकवून कागदाकडं बघत राहिले. मग कामाचं बोलायला लागले. फिनेलनं हा मरत नाही, ब्लीचिंग पावडरचं ताजं पाणी करायचं. उलटी झाली की आधी कागदानं, चिंध्यांनी झाकून उचलायची, जाळायची, मग त्या पाण्यानं जागा भिजवून ठेवायची. प्रत्येक बाजूचं पोतेरं आणि बादली वेगळी. आजाऱ्यांकडं जाणारं माणूस एकच, त्यानं दुसरीकडं पाऊल टाकायचं नाही. हात साबणानं, वाहत्या पाण्याखाली. स्पिरिटचा बोळा फिरवून भागायचं नाही. आणि ज्याला झालं त्यानं बरं वाटल्यावरही दोन दिवस कामावर यायचं नाही, स्वयंपाकघरात तर मुळीच नाही.

ऐकता ऐकता मला मढच्या मावशीचं बोलणं आठवलं. आजारी मेंढरू वेगळं, राखणारा वेगळा.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तसं केलं. मी आजाऱ्यांच्या खोल्या घेतल्या, स्वयंपाकीणबाई आणि माळ्याची बायको बाकीच्यांकडं. ब्लीचिंगच्या वासानं डोळे चुरचुरायचे. त्यानंतर दोघंच नवे पडले, आणि चार दिवसांनी कुणीच नाही. ड्रायव्हरबाबा उठून व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले.

व्यवस्थापकांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी कार्यालयाचं दार लावून घेतलं. "आता कशाला बोलता? मिटलंय सगळं."

"मावशीचं मिटलेलं नाही, सर."

"तिला बोलवू की महिन्याभरानं. एवढं काय?"

मी त्या दिवशी दुपारची रजा टाकली आणि मढला गेले. मावशीचं घर गावाच्या बाहेर, शेताच्या कडेला. ती अंगणात शेण सारवत होती. आजारानं उतरलेली, पण उठून कामाला लागलेली. मला पाहून तिनं हात धुतले नाहीत, की बसा म्हटलं नाही. सासू आतून म्हणाली, "पावणं आल्यात, पाणी दे." तरी ती हलली नाही.

मी तिथंच उभी राहून सांगितलं.

तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"दूद उकळताना तुमी रोज तितं असायच्या."

"हो."

"मंग त्या दिशी त्वांड शिवलं व्हतं का? मी बगितलं तुमच्याकडं. मला वाटलं, बाई बोलतील. बाई शिकल्याली हाय." ती सारवायला लागली, पुन्हा थांबली. "गावात काय म्हनत्यात ठावं हाय? हिच्या दुदानं म्हातारी मेली. दोन घरांनी रतीब बंद केला आमचा."

मी म्हणाले, "मी गावात सांगते. ज्यांनी बंद केला त्यांच्या दारात जाऊन सांगते."

"तुमी सांगून काय व्हतंय. ज्यानं फाटकात उभं करून घालीवलं, त्यानं यावं. माज्या दारात येऊन म्हनावं, चूक झाली. मंग बगू."

तरी मी त्या दोन्ही घरी गेले. एका ठिकाणी ऐकून घेतलं. दुसऱ्या घरची बाई म्हणाली, "तुमी नर्स हाय आन् तुमीच असं केलं?" आणि मी हो म्हणाले.

व्यवस्थापक आठ दिवस गेले नाहीत. मी रोज सकाळी कार्यालयाच्या दारात उभी राहून विचारायचे, "आज जाताय ना सर?" ते चिडायचे, टाळायचे. नवव्या दिवशी त्यांनी लुना काढली. काय बोलले ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मावशीनं सांगितलं, "आला, वसरीला बसला, दूद मागून प्याला. न उकळता दे म्हनला." त्या दिवशी ती पहिल्यांदा थोडी हसली.

ती कामावर आली, पण पूर्वीसारखी माझ्याशी उघडपणे बोलायला तिला वर्ष लागलं. मी तक्रार केली नाही.

त्या विषाणूचं नाव मला फार नंतर कळलं. एका प्रशिक्षणात पुढं उभ्या असलेल्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, नोरोव्हायरस. दवाखाने, वृद्धाश्रम, वसतिगृहं, जिथं माणसं एका छपराखाली जेवतात आणि एकच हात अनेकांना भरवतो, तिथं तो असा फिरतो, असं त्या सांगत होत्या. शेजारच्या नर्सा लिहून घेत होत्या. मी पेन खाली ठेवलं आणि पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले.

पुढच्या थंडीत मला पुन्हा एकदा तसा त्रास झाला. मी शेजाऱ्यांच्या फोनवरून व्यवस्थापकांना कळवलं, तीन-चार दिवस येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चांगली बरी होते. अंगणात येरझाऱ्या घालत होते, इंजेक्शनं कोण देत असेल, ड्रायव्हरबाबांचं ब्लडप्रेशर कोण बघत असेल, असं मनात चाललं होतं. दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. रस्त्यावरून जीप गेली, ओळखीच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मी हातानंच नाही म्हणून खूण केली.